विकणे आहे : जागांच्या याद्या आणि त्यांची परिभाषा

घर किंवा प्लॉट विकावयाचा झाला म्हणजे पूर्वी दोनच वाटा असत. एक दलालाची व दुसरी वर्तमानपत्रातील छोट्या जाहिरातींची. दलालाची यादी त्याच्या डोक्यात असे, फार तर खिशातल्या वहीत असे; आणि ती वही तो दुसऱ्या दलालाला दाखवीत नसे. आता तिसरी वाट निघाली आहे. २००५ साली ‘नाइन्टीनाइन एकर्स’ व २००६ साली ‘मॅजिकब्रिक्स’ ही जागांच्या याद्यांची संकेतस्थळे सुरू झाली. त्यांच्यामागून अनेक आली, आणि परतवाड्यात बसून अमरावतीचे किंवा पुण्याचे घर मोबाइलवर पाहता येऊ लागले. अर्ध्या मिनिटात पन्नास घरे डोळ्यांपुढून जातात. सोय मोठी आहे यात शंका नाही. परंतु मास्तरांचा भविष्यनिर्वाह निधी किंवा चार वर्षांच्या कपाशीचा पैसा ज्या व्यवहारात एकदम जावयाचा, त्या व्यवहाराची भाषा आपल्याला कळते काय? यंत्र ही यादी कशी करते, यादीतील शब्दांचे अर्थ काय, आणि यादी जे सांगत नाही ते कोठे शोधावे, या तीन गोष्टी येथे मांडण्याचा आमचा विचार आहे.

आधी यंत्राचे काम पाहू. त्याची कल्पना येण्यासाठी परतवाडकरांना लांब जावयास नको. मेळघाटातील सागवान येथील लाकूड आगारात येते तेव्हा व्यापारी नुसते ‘छान लाकूड’ या शब्दावर बोली लावीत नाही. नगाचा क्रमांक, लांबी, गोलाई, घनफळ आणि प्रत ही सारी नोंदली जातात, मग लिलाव होतो. जागेची यादी हे असेच एक नोंदपत्रक आहे. त्यात आडव्या ओळी म्हणजे एकेक जागा, आणि उभे रकाने म्हणजे त्या जागेचे गुण : गाव, प्रकार, क्षेत्रफळ, खोल्या, मजला, किंमत. आपण ‘२० लाखांच्या आत, दोन खोल्या’ असे विचारले की यंत्र घरे पाहत नाही. ते फक्त रकाने पाहते.

हे इतके झटपट कसे होते? शब्दकोशात शब्द अकारविल्हे लावलेले असतात म्हणून आपण मधले पान उघडतो, शब्द मागे की पुढे ते ठरवतो आणि अर्धा कोश एकदम बाजूला सारतो. यंत्रही किमतीप्रमाणे लावलेली एक वेगळी सूची जवळ ठेवते व दर पावलाला निम्म्या नोंदी टाकून देते. या रीतीने १० लक्ष नोंदींतून हवी ती नोंद सुमारे २० पावलांत सापडते. येथे जादू काही नाही, लावणी आहे.

पण लावणी रकान्यातील मजकुरावर अवलंबून असते. किमतीच्या रकान्यात कोणी ‘समक्ष बोलू’ असे लिहिले तर ती जागा २० लाखांच्या आत की बाहेर, हे यंत्राला कळत नाही. गावाच्या नावाचेही तेच. इंग्रजी अमदानीत आपल्या येथे एलिचपूरची छावणी होती. म्हणून याच वस्तीला कोणी परतवाडा म्हणतो, कोणी अचलपूर कँप म्हणतो, आणि इंग्रजी स्पेलिंगे तर दोन-तीन तऱ्हांची लिहितात. माणसाला ही सारी नावे एकच वाटतात. यंत्राला मात्र तसे शिकवून ठेवले नसेल तर ती वेगळी गावे होत, आणि शोधणाऱ्याला अर्धीच घरे दिसतात. याशिवाय यादीत वर असलेली जागा चांगलीच असेल असेही नाही. वरचे स्थान पुष्कळदा पैसे भरून मिळते.

एका शब्दाला एकच अर्थ हवा, ही अडचण वऱ्हाडाला नवी नाही. कारंज्याला १८८६ साली कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला आणि १८९७ साली वऱ्हाडाच्या कापूस व धान्य बाजारांसाठी स्वतंत्र कायदा झाला. देशातील नियंत्रित बाजारांचा आरंभ येथूनच मानतात. वजन कोणते, अडत किती, सौदा कोठे व्हावयाचा, हे सर्वांसमक्ष ठरले नाही तर भाव चढा असूनही शेतकरी नागवला जातो, हा त्यामागचा अनुभव होता.

घरांच्या बाबतीत असाच प्रयत्न अमेरिकेत झाला. तेथील दलाल एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपापल्या संघाच्या कचेरीत जमून एकमेकांना याद्या दाखवू लागले. माझ्याकडील घराला तू गिऱ्हाईक आण, दलाली वाटून घेऊ, असा तो करार होता. त्यातून दलालांची सामायिक यादी जन्माला आली. प्रथम ती छापील पुस्तकात असे, मग संगणकावर गेली. परंतु प्रत्येक शहराची यादी वेगळी आणि तिचे रकानेही वेगळे. एकाची ‘खोली’ दुसऱ्याच्या हिशेबात बसेना. तेव्हा १९९९ साली याद्यांच्या देवघेवीचा एक सामायिक नियम पुढे आला. पुढे रकान्यांच्या नावांचा एक कोशच तयार करण्यात आला, म्हणजे कोणत्याही यादीत एका रकान्याचे नाव आणि अर्थ एकच राहावा. जुन्या नियमात सारी यादी वेळोवेळी उतरवून घ्यावी लागे आणि उतरवलेली प्रत शिळी होई. नव्या पद्धतीत जरूर तेवढी माहिती मूळ यादीला त्या क्षणी विचारता येते. विकलेले घर आठ दिवस ‘विकणे आहे’ म्हणून दिसत राहण्याचे एक कारण ही शिळी प्रत होय.

आपल्याकडे सर्व दलालांना बांधील अशी सामायिक यादी रूढ झालेली नाही. प्रत्येक संकेतस्थळाचे रकाने त्याचे त्याने ठरवलेले आहेत. एकच प्लॉट तीन दलाल तीन किमतींना मांडतात, आणि पाहणाऱ्याला बाजारात तीन प्लॉट आहेत असे वाटते. म्हणून शब्द तपासण्याचे काम येथे गिऱ्हाइकावर येऊन पडते.

त्या शब्दांत सर्वांत महाग शब्द म्हणजे क्षेत्रफळ. सदनिकेची क्षेत्रफळे तीन प्रकारांनी सांगतात. चटई क्षेत्र म्हणजे घरात प्रत्यक्ष वापरता येणारी जमीन. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने त्याची व्याख्या बांधून दिली आहे : आतल्या भिंतींची जागा त्यात धरावयाची, बाहेरच्या भिंती, नळ-वाहिन्यांचे पोकळ भाग, खाजगी बाल्कनी आणि उघडी गच्ची धरावयाची नाही. बांधीव क्षेत्रात बाहेरच्या भिंती व बाल्कनी येतात. त्यावर जिना, लिफ्ट, प्रवेशदालन यांचा वाटा चढवला की ज्याला बाजारात ‘सुपर बिल्टअप’ म्हणतात ते होते. समजा, १,००० चौरस फुटांची सदनिका ३० लाखांना सांगितली. भाव फुटाला ३,००० झाला. पण ते हजार फूट सुपर बिल्टअप असून चटई क्षेत्र ७०० फूटच निघाले, तर खरा भाव फुटाला सुमारे ४,२८६ पडला. शेजारची ८०० फूट चटई क्षेत्राची सदनिका ३२ लाखांना असली तर यादीत ती महाग दिसेल, परंतु फुटाला ४,००० म्हणजे ती स्वस्त आहे.

जमिनीचे मापही असेच फसवे आहे. गुंठा म्हणजे ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद, म्हणजे १,०८९ चौरस फूट. चाळीस गुंठ्यांचा एकर. सातबाऱ्यावर मात्र हेक्टर व आर असतात. आर म्हणजे १०० चौरस मीटर, सुमारे १,०७६ चौरस फूट. दोन्ही जवळजवळ सारखे, म्हणून लोक एकाच्या जागी दुसरा शब्द वापरतात. कोणी सोयीसाठी गुंठा हजार फुटांचा धरला तर दर गुंठ्यामागे ८९ फूट हवेत जातात. तेव्हा यादीत गुंठे वाचले तरी चौरस फूट किंवा चौरस मीटर विचारून घ्यावेत.

आता नकाशाकडे वळू. यादीत जागेच्या नावासमोर नकाशा असतो व त्यावर तांबडी खूण असते. ही खूण दोन आकड्यांनी ठरते, अक्षांश व रेखांश. परतवाड्याचे हे आकडे ढोबळपणे २१.३ आणि ७७.५ असे आहेत. अक्षांशाच्या एका अंशाचे अंतर सुमारे १११ किलोमीटर. म्हणून दशांशचिन्हापुढे दोन स्थळे लिहिली तर खूण किलोमीटरभर चुकू शकते, चार स्थळांत ती दहा-अकरा मीटरपर्यंत येते, पाच स्थळांत मीटरभरापर्यंत. परंतु साधा मोबाइल उघड्या आकाशाखालीही काही मीटरांनी चुकतो, आणि धुऱ्याचे भांडण तर हाता-दोन हातांचे असते! शिवाय ती खूण विकणाराने आपल्या हाताने ठेवलेली असते. नकाशावरील खूण म्हणजे मोजणी नव्हे. मोजणी भूमि अभिलेख खात्याकडून व्हावयाची.

येथे आपण मुख्य मुद्द्याशी आलो. यादी ही विकणाराचे म्हणणे सांगते. हक्क सांगते ते दप्तर. १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आल्यानंतर येथील शेतांची मोजणी होऊन प्रत्येकाला सर्व्हे नंबर मिळाला. आज गाव नमुना ७ व १२ मिळून होणारा सातबारा हा त्याच वंशातला. त्यावर भोगवटादाराचे नाव, क्षेत्र आणि इतर हक्कांत बँकेचा बोजा दिसतो. भोगवटादार ‘वर्ग २’ असेल तर त्या जमिनीच्या हस्तांतरणावर बंधन आहे असे समजावे. वस्तीतील जागेसाठी मालमत्ता पत्रक असते. विदर्भात पुष्कळ ठिकाणी त्याला आखीव पत्रिका म्हणतात. आपल्याकडील आणखी एक शब्द म्हणजे नझूल. ही सरकारी जमीन, बांधकामासाठी पट्ट्याने दिलेली. तेथे यादीत ‘मालकीचा प्लॉट’ असे लिहिले असले तरी विकला जातो तो पट्टेदाराचा हक्क. अशा पट्ट्यांचे मालकी हक्कात रूपांतर करण्याच्या योजना शासनाने काढल्या आहेत. आपल्या प्लॉटाचे रूपांतर झाले की नाही, ते आखीव पत्रिकेवर पाहावे. दुय्यम निबंधकाकडील सूची क्रमांक २ वरून त्या जागेचे पूर्वी कोणकोणते नोंदणीकृत व्यवहार झाले ते कळते. यांतील बरेचसे आता शासनाच्या संकेतस्थळांवर घरबसल्या पाहता येते.

एवढे करूनही एक गोष्ट ध्यानात ठेवावयाची. दक्षिण ऑस्ट्रेलियाने १८५८ साली कायदा करून सरकारी नोंदवहीतील नाव म्हणजेच मालकी, असा हमीचा दंडक घातला. आपल्याकडे तशी हमी नाही. सातबाऱ्यावरील नोंद विरुद्ध पुरावा येईपर्यंत खरी मानतात, आणि नोंदणी होते ती दस्ताची, हक्काची नव्हे. म्हणून मागील व्यवहारांची साखळी वकिलाकडून तपासून घेण्याचा खर्च हा उधळपट्टीचा नव्हे.

नव्या प्रकल्पांच्या बाबतीत कायद्याने गिऱ्हाइकाला बरेच बळ दिले आहे. महाराष्ट्रात महारेरा १ मे २०१७ पासून काम करू लागले. जमीन ५०० चौरस मीटरहून अधिक असून सदनिकाही आठांहून अधिक असल्या तर प्रकल्पाची नोंदणी झाल्यावाचून जाहिरातसुद्धा करता येत नाही. पाडलेल्या प्लॉटांच्या मोठ्या योजनाही यात येतात. १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत क्यूआर कोडाची चौकट छापणेही बंधनकारक झाले. मोबाइल त्या चौकटीवर धरला की प्रकल्पाची नोंद उघडते, आणि तेथे मंजुरी, मुदत व बांधकामाची प्रगती पाहता येते. यंत्राचा हा उपयोग आम्हाला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण येथे यादीचा धागा सरळ दप्तराला बांधला आहे.

जुन्या घराला किंवा वावरात खुंट्या ठोकून पाडलेल्या लहानशा प्लॉटाला मात्र असा धागा बहुधा नसतो, आणि फसगत तेथेच अधिक. ‘एनए होणार आहे’, ‘ले-आउट मंजुरीत आहे’ ही भविष्यकाळाची वाक्ये आहेत. यंत्र त्यांना वर्तमानकाळाच्या रकान्यात बसवते. मंजूर रेखांकन नसलेल्या तुकड्यावर पुढे बांधकामाची परवानगी अडते, बँक कर्ज देत नाही, आणि १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याचा प्रश्न उभा राहतो. त्या कायद्यात वेळोवेळी दुरुस्त्या झाल्या आहेत; म्हणून आपल्या तुकड्याला कोणता नियम लागतो हे दलालाला न विचारता तहसील कचेरीत विचारावे.

तात्पर्य, यादी वाचताना फोटोंपेक्षा क्रमांकांकडे लक्ष द्यावे. सर्व्हे किंवा गट क्रमांक, नगर भूमापन क्रमांक, महारेरा क्रमांक यांपैकी जो लागू असेल तो विकणाराला मागावा. जो क्रमांक देतो त्याची जागा दप्तरात शोधता येते. इसार देण्याच्या आधी क्रमांक देण्यास जो टाळाटाळ करतो, त्याच्या जागेचे फोटो कितीही सुंदर असले तरी तेथे आपला पैसा अडकवू नये. कापसाच्या बाजारात वजनकाटा सर्वांसमक्ष यावा म्हणून वऱ्हाडाने कायदा मिळवला. जागेच्या बाजारातील काटा म्हणजे हे क्रमांक होत, आणि ते पाहण्याची सवय आपण लावून घेतली पाहिजे.