पंचवीस पानांचं पाकीट

दिवाळीच्या खरेदीला अख्खं सोलापूर नवी पेठेत लोटतं, पण मान वर करून कोणी बघत नाही. बघितलं तर जुन्या इमारतींच्या गच्चीच्या कडेला, पन्हळीच्या सांध्यात, तेलाच्या रिकाम्या डब्यात सदाफुली दिसेल. मे महिन्यात पारा चाळिशीपार जाऊन कुंडीतली तुळससुद्धा मान टाकते, तेव्हाही ही फुललेलीच. शेळी तिला तोंड लावत नाही, कारण पान तोडलं की चीक येतो आणि चव जहर कडू. पूर्व भागातल्या तेलुगू घरांत तिला बिळ्ळगन्नेरू म्हणतात. या फुकटच्या झाडाने मला कित्येक वर्षं झपाटलंय. तिच्या नावावर आपल्याकडे दोन गोष्टी खपतात: एक, सदाफुलीची पानं खाल्ली की शुगर उतरते, दोन, कॅन्सरवरचं हे औषध आपल्या पूर्वजांना ठाऊकच होतं. दोन्ही मी लहानपणापासून ऐकत आलो. शोधायला बसलो तेव्हा दोन्हींना तडे गेले आणि त्या फटीतून एक भलताच माणूस बाहेर आला.

आधी पहिली गोष्ट. पेठेतल्या एका ओळखीच्या दुकानदारांच्या गल्ल्याशेजारी स्टीलच्या वाटीत रोज सकाळी चार-पाच पानं आणि दोन-तीन पांढरी फुलं धुऊन ठेवलेली असतात.

“अण्णा, हे कशाला?”

“शुगरला. पांढरीच घ्यायची बरं का. गुलाबी तेवढी लागू पडत नाही.”

“मग शुगर किती उतरली?”

“गोळी पण चालूये ना, त्यामुळं नक्की सांगता येत नाही.”

इतकं प्रामाणिक उत्तर मला कुठल्या आरोग्यविषयक पुस्तकात मिळालेलं नाही. पानाच्या रसाने सशा-उंदरांची साखर उतरल्याचे प्रयोग आहेत, पण माणसाने भरवसा ठेवावा असा पुरावा नाही. उलट याच पानांत रक्तातल्या पांढऱ्या पेशी खाली आणणारी द्रव्यं आहेत. कडू आहे म्हणजे औषधच असणार, या आपल्या समजुतीला तोड नाही.

दुसऱ्या गोष्टीचा निकाल लवकर लागतो. सदाफुली मूळची मादागास्करची. तिथून ती जहाजांबरोबर उष्ण प्रदेशांत सगळीकडे पोचली. पॅरिसच्या राजोद्यानातून बी लंडनच्या चेल्सी बागेत गेलं, 1759 साली लिनियसने तिला ‘व्हिंका रोझिया’ म्हटलं आणि पुढे ती ‘कॅथरँथस रोझियस’ झाली. आपल्याकडे ती आली समुद्रमार्गे, अलीकडच्या शतकांत. चरक-सुश्रुतांच्या काळात हे झाड या देशात नव्हतंच, तर त्यांनी त्याचा गुण कुठून सांगावा? तिला नंतर चिकटलेल्या संस्कृत नावांनी भल्याभल्यांना फसवलंय.

आता तो माणूस. एडवर्ड क्लार्क नोबल. वैद्यकाच्या इतिहासात त्याची ओळख एका वाक्याची आहे, आणि ते वाक्य हरण्याचं आहे. 1921 चा उन्हाळा, टोरांटो विद्यापीठ. फ्रेडरिक बँटिंग स्वादुपिंडातून मधुमेहावरचं द्रव्य काढायच्या खटपटीत होता. प्राध्यापक मॅक्लाउड यांनी त्याला दोन तरुण विद्यार्थी मदतनीस देऊ केले: चार्ल्स बेस्ट आणि क्लार्क नोबल. आधी कोणी काम करायचं यावर दोघांनी नाणं उडवलं, असं सांगतात. कौल बेस्टच्या बाजूने पडला. महिनाभराने नोबलने त्याची जागा घ्यायची असं ठरलं होतं, पण तोवर बेस्टचा हात बसला होता आणि कामही रंगात आलं होतं. तो तिथेच राहिला. 1923 चं नोबेल बँटिंग आणि मॅक्लाउड यांना मिळालं, बँटिंगने आपल्या रकमेतला अर्धा वाटा बेस्टला दिला आणि इन्शुलिनच्या गोष्टीत बँटिंग-बेस्ट ही जोडी कायमची कोरली गेली. क्लार्क नोबल नंतर त्याच प्रयोगशाळेत सशांना इन्शुलिन टोचून त्यांची साखर मोजत होता. म्हणजे काम केलं, पण पंगत उठल्यावर.

तीस वर्षं गेली. 1952 मध्ये या क्लार्क नोबलकडे जमैकाहून एक पाकीट आलं. पाठवणारे होते डॉ. जॉन्स्टन. आत सदाफुलीची पंचवीस पानं. जमैकात मधुमेहाचे लोक या पानांचा काढा पितात, त्यात काही तथ्य आहे का ते बघा, असा निरोप. मधुमेहावरचा शतकातला सर्वांत मोठा शोध ज्याच्या हातून नाण्याच्या एका उलटीने निसटला, त्याच्याच दारात मधुमेहाचं आणखी एक औषध चालून आलं होतं! क्लार्क तोवर कामातून बराच मोकळा झाला होता. त्याने ते पाकीट धाकट्या भावाकडे धाडलं. हा रॉबर्ट नोबल, वेस्टर्न ऑन्टारिओ विद्यापीठातला संशोधक.

रॉबर्टने पानांचा अर्क उंदरांना पाजला. साखर हलली नाही. शिरेतून टोचला, तरी साखर जागच्या जागी. पण आठवड्याभरात उंदीर मेले. खरा शोध इथे लागला. अर्क विषारी आहे, सोडून द्या, असं म्हणून पाकीट कचऱ्यात टाकलं असतं तर कोणी दोष दिला नसता. रॉबर्टने मेलेले उंदीर उघडून पाहिले. जागोजागी पू झालेला. एरवी किरकोळ ठरणाऱ्या जंतूंनी त्यांना मारलं होतं, कारण लढायला पांढऱ्या पेशीच उरल्या नव्हत्या. मज्जेतला कारखानाच बंद पडला होता. मग त्याने प्रश्न फिरवला: पांढऱ्या पेशी पाडणारं द्रव्य ज्या रोगात पांढऱ्या पेशी बेफाम वाढतात त्या रोगात का वापरू नये? 1954 मध्ये चार्ल्स बिअर हा रसायनज्ञ इंग्लंडहून येऊन मिळाला. पाल्यातून ते द्रव्य शुद्ध स्फटिकरूपात काढण्याचं किचकट काम त्याचं. तेच व्हिनब्लास्टिन.

1958 च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कच्या एका परिषदेत त्यांनी हे जाहीर केलं, तेही कार्यक्रमाच्या शेपटीला, रात्री उशिरा, मोजक्या श्रोत्यांपुढे. त्या श्रोत्यांत एलाय लिली कंपनीची माणसं होती आणि त्यांचे कान टवकारले. कारण इंडियानापोलिसमध्ये गॉर्डन स्वोबोडाही याच झाडामागे होता. त्यानेही सुरुवात मधुमेहाच्या लोकसमजुतीवरूनच केली होती. त्याच्यापर्यंत ती फिलिपिन्सकडून आली. लिलीच्या चाचणीत ल्युकेमिया झालेले उंदीर या अर्काने जास्त जगले. स्वोबोडाच्या गटाने याच पाल्यातून दुसरं द्रव्य काढलं, व्हिनक्रिस्टिन. 1963 मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. पहिला कोण, यावर दोन्हीकडच्या लेखनात अजून बारीक कुरकुर आहे. माझं मत विचाराल तर झाडातलं मारक आधी कॅनडावाल्यांना दिसलं. ते टनावारी पाल्यातून काढण्याची ताकद लिलीकडे होती. विद्यापीठाच्या खिशात ती नव्हती.

टनावारी म्हणजे खरोखरच टनावारी. व्हिनक्रिस्टिन पाल्यात इतकं कमी असतं की टनभर वाळल्या पाल्यातून काही ग्रॅमच हाती लागावं. शुगरसाठी चार पानं चावणाऱ्याच्या पोटात त्याचा किती अंश जाईल आणि किती इतर अल्कलॉइडं जातील, याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

औषध करतं काय, तर पेशी दुभंगताना गुणसूत्रं दोन टोकांना ओढून नेणारे जे सूक्ष्म धागे तयार होतात, ते जुळूच देत नाही. सोलापूरकराला सांगायचं तर मागावर ताणाच चढू दिला नाही, मग कापड कुठून निघणार? पेशी अर्ध्या वाटेत अडकते आणि मरते. व्हिनक्रिस्टिन लहान मुलांच्या ल्युकेमियात, व्हिनब्लास्टिन हॉजकिन्सच्या आजारात, आणि दोन्ही नेहमी इतर औषधांच्या संगतीत. मुलांचा ल्युकेमिया आज बहुतेकदा बरा होतो याचं श्रेय एकट्या सदाफुलीला देणं चूक, पण तिला वगळणं त्याहून मोठी चूक.

एका रुग्णालयात नात्यातल्या मुलाबरोबर बसलो असताना व्हिनक्रिस्टिनची कुपी हातात घेऊन पाहिली होती. अंगठ्याच्या पेराएवढी, फ्रीजमधून नुकतीच काढलेली, आत पाण्यासारखं स्वच्छ एक मिलिग्रॅमचं द्रावण. बाहेर ठळक सूचना: फक्त शिरेतून, इतर मार्गाने दिल्यास मृत्यू. मणक्याच्या पोकळीत चुकून गेलं तर वाचवणं जवळपास अशक्य. मोठ्या माणसालाही एका वेळी सहसा दोन मिलिग्रॅमच्या वर देत नाहीत, नाहीतर हातापायाच्या नसा बधिर होतात. सोबतच्या सिस्टरना मी म्हटलं, हे सदाफुलीचं. त्या म्हणाल्या, “काय सांगता! आमच्या दारात आहे की.”

ही कुपी सामान्य माणसाच्या आवाक्यात आली ती पुणे आणि मुंबईमुळे, आणि आपल्याकडे या भागाचं नावही कोणी घेत नाही याचा मला राग आहे. 1970 च्या पेटंट कायद्याने औषधाच्या रेणूवरची मक्तेदारी काढून फक्त बनवण्याच्या पद्धतीला संरक्षण ठेवलं. मुंबईच्या सिप्लाने 1972 मध्ये बंगळुरूला औषधी वनस्पतींच्या शास्त्रीय लागवडीचा विभाग काढला. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. ए. व्ही. रामा राव होते. मूळचे आंध्रचे, पण रसायनशास्त्रातली त्यांची उमेदीची वर्षं पुण्यात गेली. युसूफ हमीद यांची सिप्ला आणि ही प्रयोगशाळा यांनी मिळून व्हिनब्लास्टिन आणि व्हिनक्रिस्टिन देशातच काढण्याचं तंत्र उभं केलं. 1980 च्या दशकाच्या मध्यावर ही औषधं इथे बनू लागली. त्याआधी आपला देश सदाफुलीचा पाला अमेरिका-हंगेरीला आणि मुळं जर्मनी-इटलीला धाडत होता. मुळांतून अजमलिसिन मिळतं, ते रक्ताभिसरणाच्या तक्रारींवर वापरतात. पाला आपला, औषध परक्याचं, हा धंदा कापसाच्या गावाला नवा नाही.

मग सोलापुरात सदाफुलीची शेती का नाही, असं तरुण शेतकरी विचारतात. 1933 पासून कोरडवाहू शेतीचं संशोधन चाललेला हा जिल्हा. झाड काटक, जनावरांचा त्रास नाही. लागवडीचं गणित सोपं आहे. बी मोहरीहून बारीक, म्हणून वाळूत मिसळून पेरायचं. थेट पेरल्यास हेक्टरी अडीच किलो, रोपं करून लावल्यास अर्धा किलो पुरतं. अंतर 45 बाय 30 सेंटिमीटर. पाल्याची पहिली तोडणी सहा महिन्यांनी, दुसरी नऊ महिन्यांनी, आणि वर्षाने झाड उपटून मुळं. पाणी दिलं तर हेक्टरी साडेतीन टनांच्या आसपास वाळला पाला आणि दीड टन मुळं. लखनौच्या ‘सीमॅप’ने ‘निर्मल’, ‘धवल’ असे पांढऱ्या फुलांचे वाण दिलेत. काळ्या भारी जमिनीत मात्र पाणी साचलं की मूळकूज धरते. मुरमाड हलकी जमीन बरी. पण खरा पेच गिऱ्हाइकाचा. पाला घेणारे मोजके, लागवड तमिळनाडूच्या तिरुनेलवेली-तुतिकोरिनकडे स्थिरावलेली. लेखी खरेदीदार हाती असल्याशिवाय डाळिंबाची बाग मोडून सदाफुली लावू नये, एवढंच मी सांगेन.

या जिल्ह्याचा सदाफुलीशी खरा धागा आहे तो बार्शीत. नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयाने टाटा मेमोरियलच्या साहाय्याने 1987 मध्ये ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू केली, देशातली पहिली. बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतली साडेतीनशेच्या आसपास गावं. खेड्यात रोगी आपण होऊन दवाखान्यात येत नाही, म्हणून कार्यकर्ते गावोगाव फिरले, पारावर बसले, लक्षणं समजावून सांगितली, नावं टिपून घेतली. त्या नोंदींतून दिसलं की इथे कर्करोगाचं प्रमाण मुंबईपेक्षा बरंच कमी, पण बायकांत गर्भाशयमुखाचा कर्करोग सर्वांत पुढे. त्याला व्हिनक्रिस्टिनचा फारसा उपयोग नाही. तिथे शस्त्रक्रिया आणि किरणोपचार. डॉ. भगवान नेने आणि सहकाऱ्यांनी पुढे उस्मानाबाद जिल्ह्यातल्या एक लाख एकतीस हजारांवर स्त्रियांचा अभ्यास केला आणि एका एचपीव्ही तपासणीने या रोगाचे मृत्यू निम्म्यावर येऊ शकतात हे 2009 मध्ये जगाला दाखवलं. सदाफुलीच्या लेखात हे कशाला? कारण रॉबर्ट नोबलने मेलेले उंदीर उघडले आणि बार्शीकरांनी पारावर वही उघडली, ही एकाच जातीची कामं आहेत. समजुतीवर न थांबता मोजायला बसणं.

श्रेयाच्या वाटपात मादागास्करला काहीच मिळालं नाही, ही तक्रार खरी आहे, जरी झाड दोनशे वर्षांपूर्वीच जगभर पसरलेलं होतं. जमैकातल्या आणि फिलिपिन्समधल्या काढा पिणाऱ्यांचा वाटाही मोठा. त्यांनी रोग चुकीचा सांगितला, पण झाड बरोबर दाखवलं. क्लार्क नोबलच्या नावावर या वेळीही काही लागलं नाही. पाकीट योग्य माणसाकडे पाठवणं एवढंच त्याने केलं, आणि ते थोडं नाही. पाषाणच्या रसायनज्ञांचा वाटा आपण मराठी वाचकांनी तरी लक्षात ठेवावा. चरकाला मात्र यात ओढू नये. त्याच्याकडे स्वतःचं पुरेसं आहे.