वीस हजारांतलं टॉकीज

‘‘काय पुटपुटतायत, एक शब्द कळत नाही. बंद कर ते!’’

गेल्या दिवाळीपासून आमच्या कोथरूडच्या घरात हा डायलॉग रोज रात्री साडेनऊच्या सुमारास व्हायचा. बोलणारे आमचे बाबा. वय वर्षं ६४. कॉलेजात असताना ‘अलका’च्या तिकीट खिडकीवर फर्स्ट डे फर्स्ट शोसाठी लाइन लावलेला माणूस! रिटायर झाल्यावर रोज एक सिनेमा आणि रविवारी नाटक, असा प्रोग्रॅम त्यांनी आधीच जाहीर करून टाकला होता. प्रत्यक्षात काय झालं, तर सिनेमा सुरू झाला की दहाव्या मिनिटाला बाबा गॅलरीत. ‘‘यांचा सगळ्यातला इंटरेस्टच गेलाय,’’ आई म्हणायची. मी ‘वय झालं’ म्हणून मोकळी.

मग एक दिवस लक्षात आलं, की मॅच मात्र ते पूर्ण बघतात. बातम्याही बघतात, कारण खाली पट्टी धावत असते. जिथे नुसतं ऐकूनच कळणार, तिथे हे उठतात.

बरीच मनधरणी करून त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. ऑडिओग्राम काढला. जाड आवाजांपाशी रेष बऱ्यापैकी सरळ, बारीक आवाजांकडे गेली की घसरगुंडी. वयानुसार असंच होतं म्हणे. स, श, त, क ही व्यंजनं त्या घसरगुंडीवर असतात. म्हणजे आवाज येतो, शब्द येत नाहीत. डॉक्टरांनी श्रवणयंत्र सुचवलं. बाबांनी अस्सल पुणेरी उत्तर दिलं, ‘‘बघू पुढच्या वर्षी.’’

त्याच आठवड्यात माळा आवरताना बाबांचा व्हीसीडींचा खोका सापडला. आठवतंय का, मोझर बेअरनं अठ्ठावीस रुपयांना व्हीसीडी आणि चौतीसला डीव्हीडी विकायला काढली होती ते दिवस? तेव्हा बाबा दर पगाराला दोन-तीन घेऊन यायचे. एकूण ५३ डिस्क. जुने सिनेमे, पु. लं., आणि आमचं गाव कुडाळकडचं असल्यामुळे अर्थातच ‘वस्त्रहरण’. प्लेअर केव्हाच भंगारात गेलेला. माझ्या लॅपटॉपला डिस्क घालायला खाचच नाही.

झालं, ठरलं. टीव्हीला जोडायचा कॉम्प्युटर बनवायचा. बजेट वीस हजार, कारण एका कंपनीच्या ब्रोशरचं अडकलेलं पेमेंट नेमकं तेवढंच आलं होतं.

ग्राफिक कार्ड कशाला?

पहिली चूक केली ती मामेभावाला विचारून. तो हिंजवडीत नोकरी करतो आणि रात्रभर गेम खेळतो. त्यानं पाच मिनिटांत लिस्ट पाठवली. नवा मदरबोर्ड, नवा प्रोसेसर, देखणी छोटी कॅबिनेट, ग्राफिक कार्ड. टोटल ४२ हजार, स्पीकर वेगळे! त्यात २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव भडकलेले. मेमरी बनवणाऱ्या कंपन्यांचा माल एआयच्या डेटा सेंटरांकडे वळला आणि आपल्यासारख्या किरकोळ गिऱ्हाइकांच्या खिशाला चाट.

खरं म्हणजे सिनेमा दाखवायला ग्राफिक कार्ड लागतच नाही. इंटेलच्या बहुतेक प्रोसेसरांमध्ये व्हिडिओ उलगडण्यासाठी वेगळा भाग बसवलेला असतो. सिनेमा चालू असताना बाकीचा प्रोसेसर जवळजवळ डुलक्या काढत असतो. मुद्दा फक्त हा, की त्या भागाला कुठले फॉरमॅट कळतात. हल्लीच्या फोर-के फाइली बहुतेक दहा बिटांच्या एचईव्हीसीत असतात. इंटेलच्या सातव्या जनरेशनपासून त्या लोण्यासारख्या चालतात, सहाव्यात अडखळतात, चौथ्यात तर विचारूच नका.

आणि इथे एक मस्त योगायोग आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. विंडोज ११ ला साधारणपणे आठव्या जनरेशनच्या पुढचा प्रोसेसर लागतो. साहजिकच सातव्या जनरेशनची धडधाकट मशिन्स ऑफिसांच्या दृष्टीनं बाद. पुस्तकाएवढे ते डबे तुम्ही पाहिले असतील, मॉनिटरच्या मागे स्क्रूनं बसवलेले. डेलचे ऑप्टिप्लेक्स मायक्रो, लिनोवोचे थिंकसेंटर टायनी, एचपीचे एलिटडेस्क मिनी. कदाचित तुम्ही स्वतः ज्यावर चार वर्षं टाइमशीट भरलीत, तोच डबा आज रिफर्बिश्ड म्हणून मिळेल. आपल्याला त्यावर विंडोज चालवायचंच नाही, मग आपल्याला काय फरक पडतो?

फक्त नंबर वाचायला शिका. ७५००टी मधला पहिला आकडा जनरेशनचा. शेवटचा टी म्हणजे कमी वीज खाणारा, ३५ वॉटचा. कमी वीज म्हणजे कमी उष्णता, म्हणजे पंखा हळू, म्हणजे आवाज नाही. हॉलमधल्या मशिनला हे फार महत्त्वाचं. मी पहिल्या दुकानात सातवी जनरेशन मागितली, त्यांनी हो हो म्हणत डबा पुढे केला. तिथेच चालू करून बघितला, तर स्क्रीनवर ४५९०टी! चौथी जनरेशन! ‘‘मॅडम, आय-फाइव्ह म्हणजे आय-फाइव्ह, सगळे सारखेच असतात,’’ असं ऐकून घेऊन मी बाहेर पडले. दुसरीकडे खरा ७५००टी मिळाला. आठ जीबी रॅम, २५६ जीबीची एसएसडी, साडेअकरा हजार. घेताना तीन गोष्टी पाहा. बायोसला जुन्या कंपनीचा पासवर्ड नाही ना, पॉवर अॅडॉप्टर त्याच मशिनचा आहे ना, आणि पंखा घरघरत नाही ना. घरी आणल्यावर उघडून धूळ काढली आणि थर्मल पेस्ट बदलली. अर्धा तास गेला, पण आता तो चालू आहे की बंद हे दिव्याकडे पाहूनच कळतं.

‘बास नको, बोलणं ऐकवा’

खरा खेळ पुढे होता. आमचा टीव्ही ४३ इंची फुल एचडी, चित्राला नावं ठेवायला जागा नाही. पण हे पातळ टीव्ही दिसायला देखणे असले, तरी त्यांचे स्पीकर खाली जमिनीकडे नाहीतर मागे भिंतीकडे तोंड करून बसलेले असतात. माणूस आपल्याकडे पाठ करून बोलला तर चांगल्या कानांनाही त्रास होतो. मग बाबांचं काय चुकलं?

उरलेल्या पैशांतला मोठा वाटा स्पीकरवर घालायचा, असं ठरवून मी तपकीर गल्ली गाठली. हल्ली मेट्रोनं मंडईला उतरलं की चालत जाता येतं. दिव्यांच्या माळा, वायरींची भेंडोळी, हातगाड्या, मध्येच हॉर्न वाजवणारा स्कूटरवाला... बुधवार पेठेतल्या या गल्लीत शिरलं की आपण घ्यायला काय आलोय हेच विसरायला होतं. मी पेनड्राइव्हवर एका नाटकातला प्रवेश घेऊन गेले होते.

दुकानदारदादांनी मला बघितलं आणि पाच स्पीकर अधिक वूफरवाला सेट लावला. गाणं पंजाबी. काउंटरवरचा चहाचा ग्लास थरथरायला लागला.

‘‘मॅडम, बास बघा बास!’’

‘‘दादा, बास नको. बोलणं ऐकवा.’’

‘‘बोलणं?’’

मी पेनड्राइव्ह दिला. त्या सेटवर नट एखाद्या पिंपात बसून बोलतोय असं वाटलं. दोन सेट झाले, तीन झाले. शेवटी दादांनाच मजा वाटायला लागली. त्यांनी मागच्या फळीवरून बुकशेल्फ स्पीकरची एक साधी जोडी काढली. लाकडी खोकी, वूफर-बिफर काही नाही. लावली आणि प्रवेशातला प्रत्येक शब्द सुटासुटा. ‘‘हे आजकाल कुणी मागत नाही,’’ दादा म्हणाले. घासाघीस करून ५,८०० ला सौदा झाला. टू बीएचकेच्या हॉलमध्ये पाच स्पीकर मांडून शेजारच्या काकूंची भिंत हलवण्यापेक्षा दोन चांगले स्पीकर बरे, हे माझं ठाम मत आहे. ज्यांचा वेगळा बंगला असेल त्यांनी खुशाल मला वेड्यात काढावं.

जोडणी सोपी. कॉम्प्युटरमधून एचडीएमआय टीव्हीला, आणि टीव्हीच्या हेडफोन जॅकमधून एक वायर स्पीकरला. त्यामुळे टीव्हीवरच्या ओटीटीचा आवाजही याच स्पीकरमधून येतो. स्पीकर टीव्हीच्या दोन्ही बाजूंना, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर. त्यासाठी आईचं कपबशांचं शोकेस हलवावं लागलं. परवानगी मिळायला दोन दिवस लागले. तुमचा टीव्ही फोर-के असेल तर आणखी एक तपासा. या जुन्या डब्यांचा एचडीएमआय बहुधा १.४ चा असतो, त्यातून फोर-के सेकंदाला तीसच फ्रेमनं मिळतं. डिस्प्लेपोर्टमधून अॅक्टिव्ह अॅडॉप्टर लावला की काम होतं.

सॉफ्टवेअर फुकट! कोडी नावाचा प्रोग्रॅम. हा मूळचा मायक्रोसॉफ्टच्या पहिल्या एक्सबॉक्ससाठी हौशी मंडळींनी लिहिलेला, २०१४ मध्ये त्याचं नाव कोडी झालं. तो लिब्रइलेक नावाच्या पिटुकल्या लिनक्ससकट टाकला, की मशिन चालू केल्यावर थेट सिनेमांची यादीच समोर येते. (टाकताना डिस्कवरचं सगळं पुसलं जातं, ते लक्षात असू द्या.) बायोसमध्ये ‘लाइट आली की आपोआप चालू हो’ असं सेटिंग करून ठेवा, महावितरणची कृपा झाली की कळेल कशासाठी ते.

पण मी ज्यासाठी कोडीच्या प्रेमात पडले, ते त्याचं आवाजाचं सेटिंग. सिनेमाच्या ५.१ साउंडट्रॅकमध्ये संवाद बहुतेक मधल्या चॅनेलवर असतात. आपल्याकडे स्पीकर दोनच. मग स्फोट, पाऊस, व्हायोलिनं आणि संवाद, सगळे एकाच बसमध्ये कोंबले जातात. कोडीत आउटपुट २.० ठेवायचं आणि मधल्या चॅनेलला जरा वर उचलायचं. शिवाय आवाज वाढवण्याची एक पट्टी आहे, ती कुजबुज वर आणते आणि धडामधूम मात्र दाबून ठेवते. बाबांना समोर बसवून मी ही पट्टी एकेक पायरी वर नेत गेले. डोळे तपासताना ‘आता दिसतंय? आता?’ करतात ना, तसं. एका पायरीवर ते म्हणाले, ‘‘थांब. हिचं नाव शांता आहे होय? मी इतका वेळ कांता समजत होतो.’’

उघड प्रश्न, की हे सगळं करण्यापेक्षा एखादी स्टिक का नाही लावली? नुसतं ओटीटी बघायचं असेल तर खरंच स्टिक घ्या, किंवा टीव्हीतलीच अॅप्स वापरा. आमच्याकडे अजूनही ओटीटी टीव्हीवरच चालतं. पण तो खोका स्टिकमध्ये कसा घालणार?

खोक्याचं काम सगळ्यात किचकट निघालं. १,२५० चा यूएसबी डीव्हीडी रायटर आणला आणि डिस्क कॉपी करायला घेतल्या, तर पटापट एरर. कारण गमतीशीर आहे. साध्या डेटा सीडीवर चुका दुरुस्त करण्यासाठी जादा माहिती लिहिलेली असते, ओरखडा पडला तरी ती सांभाळून घेते. व्हीसीडी बनवणाऱ्यांनी ती जागा वाचवून तिथे व्हिडिओ भरला, तेव्हा कुठे एका डिस्कवर ७४ मिनिटं मावली. त्यामुळे ओरखडा म्हणजे थेट चित्राला भोक. मऊ फडक्यानं मधून बाहेरच्या दिशेनं पुसत, पुन्हा पुन्हा वाचायला लावत, आठ रात्रींत ४७ निघाल्या. सहा गेल्या त्या गेल्याच. तुमच्या माळ्यावर असा खोका असेल तर दिवाळीची वाट बघू नका. चित्र म्हणाल तर ३५२ बाय २८८, ४३ इंचांवर सगळ्यांचे चेहरे मेणाचे दिसतात. ‘रिफ्रेश रेट व्हिडिओप्रमाणे बदल’ हे सेटिंग चालू केल्यावर निदान हलणं तरी गुळगुळीत झालं, कारण आपल्या व्हीसीडी २५ फ्रेमच्या आणि टीव्ही एरवी ६० वर धावत असतो.

रिमोटचा घोळ राहिलाच. टीव्हीच्या रिमोटवर हे कॉम्प्युटर सहसा चालत नाहीत, त्यामुळे ६५० चा वेगळा वायरलेस रिमोट. आईनं त्याच्या ओके बटणावर लाल नेलपेंटचा ठिपका दिला आणि विषय संपवला. वायरींचे ४५० धरून टोटल १९,६५०. उरलेल्या साडेतीनशेत तिघांची मिसळ.

शनिवारी रात्री ‘वस्त्रहरण’ लावलं. दोन डिस्कच्या फाइली मी आधीच जोडून एक करून ठेवल्या होत्या. मालवणीतला एक शब्द हुकला की अख्खा हशा हुकतो, सबटायटल वगैरे लाड नाहीत. तात्या सरपंच स्टेजवर आले. बाबा पुढे सरकून बसले आणि मग मागे टेकले. बऱ्याच दिवसांनी टेकून बसलेले पाहिले त्यांना. काही वाक्यं तर ते नटाच्या आधीच म्हणत होते, आई ‘शूऽऽ’ करत होती. मी मोबाइल बाजूला ठेवला.

तासाभरानं, पहिली डिस्क जिथे संपायची नेमक्या त्या ठिकाणी, बाबा गुडघ्यावर हात ठेवून उठले आणि टीव्हीकडे निघाले.

‘‘बाबा, कुठे?’’

‘‘अगं, दुसरी सीडी लावायची ना?’’