मानमोडीवर औषध नाही, लस आहे



काल संध्याकाळी दाणे टिपणारी कोंबडी सकाळी पेंगत बसते. चोच उघडी टाकून श्वास घेते, हिरवट-पांढरी हगते, मान पिळवटते. पाठोपाठ दुसरी, तिसरी आणि आठवड्यात खुराडं रिकामं! हा राणीखेत रोग. आपण त्याला मानमोडी म्हणतो. रोग विषाणूचा, म्हणून एकदा लागला की औषध नाही. आपल्या चांदवडकडे कांद्याला तोटा नाही, पण कांदा-लसूण चारून मानमोडी हटत नाही, हे ध्यानात ठेवा.

उपाय एकच, आधी लस. पिल्लू पाच-सात दिवसांचं झालं की लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात टाकावा. आठव्या आठवड्यात आर-टू-बी लस पंखाखाली कातडीत टोचून घ्यावी. पुढची केव्हा, ते पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारावे. टोचायची ती निरोगी कोंबड्यांनाच.

ही लस जिवंत असते, उन्हात ती मरते. दवाखान्यातून आणताना बर्फ घातलेला थर्मास न्या. एसटीतून खिशात घालून आणलेली लस म्हणजे नुसतं पाणी! कालवल्यावर दोन तासांत संपवा. एका बाटलीत शंभर किंवा जास्त मात्रा असतात आणि आपल्या घरी कोंबड्या पाच-सात. तेव्हा आळीतल्या सगळ्यांनी मिळून एक दिवस ठरवावा. संध्याकाळी कोंबड्या खुराड्यात शिरल्या की काम उरकतं.

रोग बहुधा बाजारातून येतो. नवी कोंबडी पंधरा दिवस वेगळी डालून ठेवा. मर लागली की घाईनं कोंबड्या बाजारात विकायची आपल्याकडे खोड आहे. त्यानंच शेजारचं गाव बसतं. मेलेली कोंबडी ओढ्यात फेकू नका, खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा.

२००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला कोंबड्या पटापट मेल्या, तेव्हा पुष्कळांना ती मानमोडीच वाटली. निघाला बर्ड फ्लू, देशातला पहिला. तो माणसालाही लागू शकतो. म्हणून एकाएकी मर लागली तर कोंबड्यांना उघडा हात लावू नका, कापू नका. आधी डॉक्टरांना कळवा.

पिल्लांच्या हगवणीत रक्त दिसलं तर मात्र ती मानमोडी नव्हे, रक्ती हगवण. तिला औषध आहे, पाण्यातून देतात. त्याच दिवशी दवाखाना गाठा. ओल्या भुशात ती फैलावते. पाण्याचं भांडं विटेवर ठेवा, पावसाळ्यात भुसा रोज हलवा, भिजलेला काढून टाका.