शिक्षकाचीही उत्तरपत्रिका

रसायनशास्त्राची प्रात्यक्षिक परीक्षा चालू आहे. सतरा वर्षांची मुले ब्युरेट भरून अनुमापन करीत आहेत. त्यांच्या नजरेआड, बाजूच्या खोलीत, त्यांच्या शिक्षिकाही त्याच बाटलीतले द्रावण घेऊन तोच प्रयोग करीत आहेत. परीक्षा संपल्यावर मुलांच्या उत्तरपत्रिकांबरोबर या शिक्षिकांच्या नोंदीही परीक्षा मंडळाकडे जातात. मुलाचे उत्तर बरोबर की चूक हे ठरवताना परीक्षक पुस्तकातले उत्तर पाहत नाही. तो शिक्षिकांच्या नोंदी पाहतो.

केंब्रिजच्या आंतरराष्ट्रीय ए लेव्हल परीक्षेतील ही पद्धत आपल्याला थोडी चमत्कारिक वाटेल. शिक्षकाने पेपर तपासायचा असतो, सोडवायचा कशासाठी? पण या लहानशा तरतुदीत विज्ञानशिक्षणातील एका मोठ्या प्रश्नाचे उत्तर दडलेले आहे. ते समजून घेण्यासाठी आधी या शाळांच्या अभ्यासक्रमाची ओळख करून घेऊ.

शाळेची शिडी

ब्रिटिश पद्धतीच्या आंतरराष्ट्रीय शाळा आज मुंबई-पुण्यातही आहेत आणि आखाती देशांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांनाही त्या परिचयाच्या आहेत. जुन्या पिढीने ‘सीनियर केंब्रिज’ हे नाव ऐकलेले असेल. ती परीक्षा घेणारे केंब्रिज विद्यापीठाचे परीक्षा मंडळ १८५८ साली स्थापन झाले. आजच्या आंतरराष्ट्रीय परीक्षांपैकी मोठा भाग त्याच मंडळाच्या वारशातून आलेला आहे.

या शाळांत माध्यमिक शिक्षणाचे तीन टप्पे असतात. सातवे ते नववे वर्ष, म्हणजे साधारण अकरा ते चौदा वयापर्यंत, पायाभरणी चालते. दहाव्या व अकराव्या वर्षी आयजीसीएसई या परीक्षेचा अभ्यास होतो. ही परीक्षा पहिल्यांदा १९८८ मध्ये झाली. शेवटची दोन वर्षे ए लेव्हलची. तेथे विद्यार्थी बहुधा तीन किंवा चारच विषय घेतो, पण ते खोलात जाऊन शिकतो.

आयजीसीएसईच्या भौतिकशास्त्राचे उदाहरण घेऊ. बहुपर्यायी प्रश्नांच्या पेपरला ३० टक्के, लेखी पेपरला ५० टक्के आणि प्रयोगकौशल्यांना २० टक्के भार असतो. साऱ्या उत्तरपत्रिका शाळेबाहेर तपासल्या जातात. एखाद्या वर्षी पेपर अवघड निघाला, तर श्रेणीसाठी लागणारे किमान गुण त्या पेपरपुरते खाली आणले जातात. ही सीमारेषा परीक्षेनंतर ठरते आणि जाहीरही होते.

लेखी परीक्षेचे हे सारे एकवेळ ठीक आहे. पण प्रयोगाचे काय? हजारो मैल दूर बसलेल्या परीक्षकाला मुलाचा हात दिसत नाही. मग त्याने गुण द्यायचे कशाला?

हाताने मागे ठेवलेल्या खुणा

आपल्याकडे बारावीच्या भौतिकशास्त्रात प्रात्यक्षिकाला १०० पैकी ३० गुण असतात. परीक्षक प्रयोगशाळेत येतात, जर्नल पाहतात, दोन तोंडी प्रश्न विचारतात. केंब्रिजच्या पद्धतीत असे कोणी येत नाही. मुलाच्या हाताने कागदावर जी खूण ठेवली, तेवढीच परीक्षकाला दिसते. म्हणून त्या खुणा फार बारकाईने वाचल्या जातात.

ब्युरेटच्या दोन लहान रेघांमध्ये ०.१ मिलिलिटर अंतर असते. त्यामुळे नोंद ०.०५ पर्यंत करायची असते. ‘२४.७’ असे लिहिणाऱ्याचा गुण जातो, ‘२४.७०’ लिहिणाऱ्याला तो मिळतो. हा शून्याचा हट्ट कशासाठी? २४.७ म्हणजे दुसरा दशांश मी पाहिलेला नाही. २४.७० म्हणजे मी पाहिला आणि तो शून्य आहे. एका शून्यावरून परीक्षकाला कळते की मुलाने उपकरणाकडे नीट पाहिले होते की नाही.

आता शिक्षिकांच्या नोंदींकडे वळू. समजा, गणिताप्रमाणे २५.०० मिलिलिटर द्रावण लागायला हवे. शाळेत द्रावण तयार करताना त्याची तीव्रता किंचित वेगळी झाली आणि शिक्षिकांना २४.६० मिलिलिटर लागले. एका मुलाने २४.७० लिहिले, दुसऱ्याने २५.००. पुस्तकाप्रमाणे दुसरा बरोबर ठरेल. या पद्धतीत पहिल्याला अधिक गुण मिळतात, कारण या बाटलीत, या दिवशी जे घडले त्याच्या जवळ तोच आहे. दुसऱ्याने घाईत थेंब जास्त सोडले असतील, किंवा उत्तर आधीच ठरवले असेल. परीक्षकाला त्यातले कारण शोधावे लागत नाही.

येथे आपण आपल्या प्रयोगशाळेत डोकावून पाहू या. साध्या दोलकावरून गुरुत्वत्वरण काढायचे आहे. उत्तर ९.८ यायला हवे हे साऱ्या वर्गाला माहीत असते. मग कित्येक जर्नलांत ९.७९ किंवा ९.८१ असे सुबक उत्तर येते. दोलकाची आंदोलने कोणी मोजली आणि कोणी उत्तरावरून उलट गणित करून निरीक्षणे लिहिली, हे आपल्यालाही ठाऊक असते. आपण शिक्षक झालो म्हणून आपले स्वतःचे जर्नल विसरलेलो नाही. मुले खोटारडी असतात असे मात्र नाही. ज्या परीक्षेत खऱ्या नोंदीपेक्षा अपेक्षित नोंदीला जास्त गुण मिळतात, तेथे शहाणे मूल अपेक्षित नोंदच लिहिणार.

मुद्दाम सदोष ठेवलेला प्रयोग

ए लेव्हल भौतिकशास्त्राच्या प्रात्यक्षिक पेपरात दोन तासांत दोन प्रयोग करायचे असतात. त्यांतला दुसरा प्रयोग मुद्दाम कच्चा ठेवलेला असतो. त्यात अचूक मापन करणे अवघडच असते. असा एक प्रयोग आपणच योजू. कागदाचा शंकू करून तो वरून सोडायचा आणि जमिनीवर पोहोचण्यास लागणारा वेळ स्टॉपवॉचने मोजायचा. मग शंकूचा आकार बदलून पुन्हा मोजायचा. दोन्ही वेळच्या मापांवरून सूत्रातील स्थिरांक काढायचा. समजा, तो एकदा ०.४२ आला आणि एकदा ०.४५. आता प्रश्न असा, की हे सूत्र खरे मानावे का?

येथे नुसते ‘होय’ किंवा ‘नाही’ चालत नाही. दोन किमतींत सुमारे ७ टक्के फरक आहे. आपल्या मोजमापात १० टक्के अनिश्चितता असेल, तर निरीक्षणे सूत्राशी जुळतात असे म्हणता येईल. अनिश्चितता २ टक्केच असेल, तर तेच आकडे सूत्राच्या विरुद्ध जातील. कसोटी सांगून निर्णय द्यायचा असतो.

त्यानंतर प्रयोगातील चार उणिवा आणि चार सुधारणा लिहायच्या असतात. ‘मानवी चूक झाली’, ‘अधिक काळजी घ्यावी’ अशा उत्तरांना गुण नाहीत. ‘शंकू एका सेकंदात खाली येतो, त्यामुळे घड्याळाचे बटण दाबायला होणारा उशीर मोजलेल्या वेळाच्या मानाने मोठा ठरतो’ ही उणीव झाली. ‘घड्याळ चौकटीत दिसेल अशा रीतीने चित्रफीत घेऊन एकेक चित्र पाहावे’ ही सुधारणा झाली. ‘केवळ दोन निरीक्षणांवरून निष्कर्ष काढता येत नाही’ हीदेखील एक उणीवच. म्हणजे प्रयोग फसला तरी मूल नापास होत नाही. तो का फसला हे सांगता आले, तर त्याचेच गुण मिळतात.

प्रयोग न करता प्रयोगाची परीक्षा

हे सारे ऐकून ही पद्धत निर्दोष आहे असे कोणी समजू नये. आयजीसीएसईमध्ये शाळेला दोन पर्याय असतात. एका पेपरात उपकरणे हाताळून प्रयोग करायचा. दुसरा ‘प्रात्यक्षिकाला पर्यायी’ पेपर एका तासाचा आणि पूर्णपणे लेखी. त्यात मापनपात्राचे चित्र असते, त्यावरून वाचन करायचे. निरीक्षणांचा तक्ता दिलेला असतो, त्याचा आलेख काढायचा. वीस आंदोलनांचा वेळ घेऊन त्याला वीसने का भागतात, ते सांगायचे. एका प्रयोगाचे नियोजनही लिहायचे. दोन्ही पेपरांचे गुण ४०च आणि भारही तितकाच.

ज्याने दोलक खरोखर हलवून पाहिला आहे, त्याला असा पेपर सोपा जातो. पण जुने पेपर पाठ करूनही पुष्कळ गुण मिळतात, हे शिक्षकांना चांगले माहीत असते. ज्या शाळेत प्रयोगशाळा अपुरी आहे, तिची सोय या पेपरामुळे होते. ज्या शाळेत प्रयोगशाळा आहे पण वेळ काढायचा नाही, तिचीही होते.

खुद्द इंग्लंडने तर वेगळीच वाट धरली. तेथे प्रात्यक्षिकाचे गुण शाळेतील शिक्षकच देत. जवळजवळ सर्वांना वरचेच गुण मिळू लागले आणि हुशार कोण, सामान्य कोण हे त्यावरून कळेना. आपल्याला हे फारसे अनोळखी वाटू नये! शेवटी सप्टेंबर २०१५ पासून शिकवल्या जाणाऱ्या तेथील नव्या ए लेव्हलमध्ये प्रात्यक्षिकाचे गुण श्रेणीतून वगळले गेले. विद्यार्थ्याने प्रत्येक विज्ञान विषयात किमान १२ प्रयोग करायचे, शिक्षकाने त्याची कौशल्ये पाहून ‘उत्तीर्ण’ असा शेरा द्यायचा, आणि तो प्रमाणपत्रावर स्वतंत्र नोंदला जायचा. शिवाय लेखी पेपरांत किमान १५ टक्के गुणांचे प्रश्न प्रयोगांवर असतात. गुण नाहीत म्हटल्यावर शाळा प्रयोग करणेच सोडतील, अशी भीती तेथील अनेक वैज्ञानिक संस्थांनी बोलून दाखवली होती. उलट बाजूचे म्हणणे असे, की गुणांची चिंता गेल्यामुळे मुले मोकळेपणी प्रयोग करतील.

एकाच घराण्यातल्या या तीन पद्धती. एकीत हाताची खूण तपासतात, दुसरीत हाताविषयी प्रश्न विचारतात, तिसरीत हात पाहण्याचे काम शिक्षकावर सोपवून गुणांचा हिशेब वेगळा ठेवतात. प्रत्येकीत काहीतरी निसटते. ब्युरेट अलगद धरणारी मुलगी आणि ते दोनदा टेबलावर आपटणारा मुलगा, दोघांची नोंद सारखी आली तर दूरच्या परीक्षकाला दोघे सारखेच. तो फरक वर्गात उभ्या असलेल्या शिक्षकालाच दिसतो. परीक्षा कितीही सुधारली तरी ही जबाबदारी तिच्यावर ढकलता येणार नाही.

उद्याच्या तासाला

या शाळांची फी आणि त्यांच्या प्रयोगशाळा आपल्या बहुतेक शाळांच्या आवाक्याबाहेर आहेत. पण वर सांगितलेल्या दोन गोष्टींना पैसा लागत नाही. पहिली, प्रयोग देण्याआधी त्याच उपकरणांनी तो स्वतः करावा, आपल्या नोंदी पाकिटात बंद करून टेबलावर ठेवाव्यात आणि तासाच्या शेवटी मुलांसमोर उघडाव्यात. आमचा दोलक ९.४ सांगत असेल तर ९.४च लिहावे आणि तो तसे का सांगतो याचा शोध सर्वांनी मिळून घ्यावा. दोरीची लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजली होती का? आंदोलने मोजताना सुरुवात ‘एक’ने केली की ‘शून्या’ने? दुसरी गोष्ट, महिन्यातून एकदा एखादा मुद्दाम सदोष प्रयोग द्यावा आणि त्यातल्या उणिवा शोधण्यालाच गुण ठेवावेत.

पाकीट उघडताना आपल्याला थोडी धाकधूक वाटेल. आपली नोंद वर्गापेक्षा वेगळी निघाली तर? निघू द्यावी. खरी नोंद लिहिताना मुलांना जी भीती वाटते, ती त्या दिवशी आपल्यालाही कळेल. आणि आपण ती नोंद न खोडता फळ्यावर लिहिली, तर पुढच्या वेळी जर्नलमध्ये ९.८१ लिहिण्याआधी एखादे तरी मूल आपल्या दोलकाकडे पुन्हा एकदा पाहील.