अर्थिंगची तार किती जाड असावी?

विजेच्या इस्त्रीच्या प्लगला तीन पिना असतात. त्यांपैकी एक इतरांहून जाड व लांब असते. तिला जोडलेली हिरवी तार हीच अर्थिंगची तार होय. एरवी तिच्यातून प्रवाह वाहत नाही. म्हणून ती बारीक असली तरी चालेल, असा पुष्कळांचा समज असतो. तो घातक आहे.

वीजयुक्त तार इस्त्रीच्या धातूच्या भागास टेकली, की मोठा प्रवाह एकाएकी अर्थिंगच्या तारेतून जाऊ लागतो. वाट सुकर असेल तरच फ्यूज तत्काळ वितळतो. तार बारीक असल्यास तिचा रोध वाढतो, फ्यूज वितळण्यास विलंब लागतो आणि तार तापून तुटण्याचा संभव असतो. मग इस्त्रीस स्पर्श करणाऱ्याचे शरीरच विजेची वाट बनते.

यासाठी सर्वमान्य नियम सोपा आहे. दोन्ही तारा एकाच धातूच्या असता, मुख्य तारेचा छेद 16 चौरस मिलिमीटरपर्यंत असेल, तर अर्थिंगची तार तेवढीच घ्यावी. 16 ते 35 पर्यंत ती 16 ची, आणि त्यापुढे मुख्य तारेच्या निम्मी असावी. म्हणजे 2.5 च्या तारेस 2.5 ची, तर 50 च्या तारेस 25 ची.

तार निवडणे हे जाणत्या वायरमनचे काम खरे. परंतु प्लग दोन भोकांच्या सॉकेटात बसावा म्हणून ती तिसरी पिन मोडून टाकू नये, एवढी दक्षता आपण सर्वांनी घ्यावयास हवी. ती पिन मोडली, तर जाड तारही व्यर्थच!