लॉइड्स बँकेतील कवी

बँकेतील नोकरी म्हणजे आकडेमोड आणि कविता म्हणजे कल्पनेची भरारी. या दोहोंचा मेळ बसणे अशक्य, असा समज सर्वत्र आढळतो. इंग्रजी कवितेला विसाव्या शतकात नवे वळण देणाऱ्या टी. एस. एलियट यांचे चरित्र या समजाला छेद देते.

मार्च १९१७मध्ये एलियट लंडनच्या लॉइड्स बँकेत रुजू झाले. त्यापूर्वी ते शाळेत शिकवीत. पण त्या कामात सारी शक्ती खर्ची पडे. बँकेच्या वसाहती व परदेश विभागात परकीय बँकांचे ताळेबंद अभ्यासणे हे त्यांचे काम होते. महायुद्ध संपल्यावर, जर्मनीशी झालेल्या तहातून उद्भवलेले युद्धपूर्व देण्या-घेण्याचे किचकट प्रश्नही त्यांच्याकडे आले. नोकरी लागली त्याच वर्षी त्यांचा पहिला कवितासंग्रह प्रसिद्ध झाला, हे विशेष.

हा मार्ग सुखाचा मात्र नव्हता. दिवसभर कचेरी, त्यानंतर लेखन आणि घरी पत्नीचे सततचे आजारपण! अखेर १९२१मध्ये त्यांची प्रकृती ढासळली. बँकेने तीन महिन्यांची रजा मंजूर केली. इंग्लंडमधील मार्गेट आणि स्वित्झर्लंडमधील लोझान येथे घालविलेल्या या विश्रांतीच्या काळात ‘द वेस्ट लँड’ या दीर्घकाव्याचा मोठा भाग आकारास आला. १९२२मध्ये ते प्रसिद्ध झाले. लंडन ब्रिज ओलांडून कामाला निघालेल्या नोकरदारांचा लोंढा या काव्यात अजरामर झाला आहे. तो कवीच्या रोजच्या पाहण्यातला होता!

त्याच वर्षी कविमित्र एझ्रा पाउंड यांनी एलियट यांना बँकेतून ‘मुक्त’ करण्यासाठी एक योजना मांडली. तीस हितचिंतकांनी दरसाल प्रत्येकी दहा पौंड द्यावेत, अशी ती कल्पना होती. एलियट यांना मात्र तिने संकोचच वाटला. आजारी पत्नीच्या भवितव्याची काळजी असलेल्या माणसाला वर्गणीपेक्षा वेतनाची शाश्वती मोलाची वाटली, तर नवल नाही. १९२५मध्ये त्यांनी बँक सोडली, तीही प्रकाशनसंस्थेतील नोकरी पत्करण्यासाठी. पुढे १९४८मध्ये त्यांना साहित्याचे नोबेल पारितोषिक लाभले.

मराठी नवकवितेच्या चर्चेत एलियट यांचे नाव हमखास येते. त्या नवकवितेचे अध्वर्यू बा. सी. मर्ढेकर हेही आकाशवाणीत नोकरी करीतच लिहीत होते.

नोकरी प्रतिभा देत नाही. परंतु प्रतिभेला उद्याच्या भाकरीच्या चिंतेतून काही काळ सोडविते. त्याची किंमत शरीराला आणि मनाला मोजावी लागते, हेही तितकेच खरे. म्हणूनच एलियट यांच्या या कहाणीत तीन महिन्यांच्या त्या रजेचे मोल मोठे आहे. आपल्या शेजारच्या टेबलावर असा एखादा लिहिता सहकारी असेल, तर त्याच्या रजेच्या अर्जाकडे आपण जरा सहानुभूतीने पाहावयास हवे!