कोलिमा : सोने, रस्ता आणि टक्के

कोलिमाच्या खोऱ्यातील माणसे उर्वरित रशियाला ‘मातेरिक’, म्हणजे मुख्य भूमी, असे संबोधतात. भूगोलाच्या दृष्टीने हा शब्द चुकीचा आहे, कारण कोलिमा हे बेट नसून आशिया खंडाच्याच ईशान्य टोकाचा प्रदेश आहे. परंतु १९३०च्या दशकात तेथे पोहोचण्याचा व्यवहार्य मार्ग व्लादिवोस्तोकहून ओखोत्स्क समुद्रमार्गे नागायेव उपसागराकडे जात असे आणि हिवाळ्यात समुद्रही गोठे. बेटावर असल्याची ही जाणीव या प्रदेशाच्या अर्थव्यवहारात आणि त्याविषयीच्या साहित्यात सारखीच मुरलेली आहे. म्हणूनच दोहोंचे वाचन एकत्र करावे लागते.

१९२८ मध्ये भूवैज्ञानिक युरी बिलीबिन यांची मोहीम कोलिमाकडे निघाली आणि तिच्या निष्कर्षांतून तेथील सोन्याच्या साठ्यांची व्याप्ती स्पष्ट होऊ लागली. पहिल्या पंचवार्षिक योजनेसाठी परदेशी यंत्रसामग्री विकत घेणाऱ्या सोव्हिएत शासनाला सोन्याची निकड होती. नोव्हेंबर १९३१ मध्ये ‘दाल्स्त्रोय’ ही संस्था स्थापन झाली. वरच्या कोलिमा प्रदेशातील रस्ते व औद्योगिक बांधकामाचा शासकीय न्यास, असा तिच्या मूळ नावाचा आशय होता. या नावात रस्ता उद्योगाच्या आधी येतो, हे लक्षणीय आहे. बंदरापासून खाणींपर्यंत धान्य, अवजारे आणि माणसे नेल्यावाचून सोने हाती येणार नव्हते. मगदान हे नगर या बंदराच्या आधाराने वाढले आणि १९३९ मध्ये त्याला शहराचा दर्जा मिळाला.

दाल्स्त्रोयचे पहिले संचालक एदुआर्द बेर्झिन १९३२च्या फेब्रुवारीत नागायेवला पोहोचले. त्यापूर्वी विशेरा नदीकाठी कैद्यांच्या श्रमांवर कागदाचा कारखाना उभारण्याचे काम त्यांच्याकडे होते. वार्लाम शालामोव हा लेखक पहिल्या अटकेनंतर त्याच विशेराच्या छावणीत होता. म्हणजे ‘कोलिमाच्या कथा’ लिहिणाऱ्याने या पद्धतीचा आरंभ कोलिमाला जाण्यापूर्वीच पाहिला होता. बेर्झिन यांच्या काळात कैद्यांना तुलनेने पुरेसे अन्न मिळे आणि चांगल्या कामाबद्दल शिक्षेचे दिवस कमी होत. ही करुणा नव्हती, हिशेब होता. दूर समुद्रापलीकडून आणलेला मजूर लवकर मरणे परवडणारे नव्हते. डिसेंबर १९३७ मध्ये बेर्झिन यांनाच अटक झाली आणि १९३८ मध्ये त्यांना गोळी घालण्यात आली.

यानंतरच्या आकड्यांचे वाचन सावधपणे करावयास हवे. १९३७ मध्ये सुमारे ५१ टन असलेले सोन्याचे उत्पादन १९४० मध्ये सुमारे ८० टनांवर गेले. एवढेच सांगणारा इतिहास यशाचा इतिहास ठरतो. मात्र १९३८च्या आरंभी छावण्यांत सुमारे ९०,००० कैदी होते, तर १९४०च्या आरंभी ती संख्या सुमारे १,९०,००० झाली होती. सारेच कैदी सोन्याच्या खाणीत नव्हते आणि सर्वाधिक समृद्ध वाळूचे थर आधी उपसले गेले होते, हे मान्य करूनही दरडोई उत्पादन घटले हे स्पष्ट दिसते. वाढ झाली ती श्रम अधिक फलदायी झाल्याने नव्हे, तर जहाजे अधिक माणसे आणत राहिल्याने.

भाकरीचा वाटा कामाच्या टक्केवारीशी बांधलेला होता. ज्याचे काम कमी, त्याला अन्न कमी. ज्याला अन्न कमी, त्याचे काम दुसऱ्या दिवशी आणखी कमी. शालामोव यांच्या एका कथेत दुगायेव हा तरुण विद्यार्थी स्वतंत्र मोजमापावर कामाला लावला जातो. त्याचे काम भरते पंचवीस टक्के, आणि एवढे तरी भरले याचेच त्याला आश्चर्य वाटते. पुढे शिपाई त्याला नेतात, तेव्हा हा शेवटचा दिवस आपण उगाच राबलो याचे त्याला दुःख होते. मराठीत ‘टक्के’ म्हटले की परीक्षेतील गुण किंवा दलाली आठवते. अनुवादकाने हा शब्द बदलू नये, पण त्यामागे भाकरीचे वजन आहे याचे भान वाचकाला द्यावे. कथेची उपरोधहीन कोरडी शैली हीच खरी उपलब्धी होय. खाणीच्या नोंदवहीची भाषा शालामोव उसनी घेतात आणि तिने जे वगळले तेवढेच तिच्यात भरतात.

मे १९४४ मध्ये अमेरिकेचे उपाध्यक्ष हेन्री वॉलेस कोलिमाला आले. त्यांच्या भेटीसाठी टेहळणीचे मनोरे उतरवण्यात आले होते. सोबतचे प्राच्यविद्याविशारद ओवेन लॅटिमोर यांना दाल्स्त्रोयमध्ये हडसन बे कंपनी आणि टेनेसी खोरे प्राधिकरण यांचा मिलाफ दिसला. पुढे १९५२ मध्ये वॉलेस यांनी आपली चूक जाहीरपणे कबूल केली. शालामोव यांच्या ‘लेंड-लीज’ कथेत त्याच युद्धकाळात अमेरिकेहून आलेला बुलडोझर डोंगरउतारावर उघड्या पडलेल्या प्रेतांसाठी नवा खड्डा खणतो. विकासाचे यंत्र एकच. पाहुण्याला ते दिसले, त्याचे काम दिसले नाही.

शालामोव १९५३ मध्ये कोलिमातून परतले. १९५७ मध्ये दाल्स्त्रोय विसर्जित झाले. त्यानंतर मजूर आणण्याचे साधन होते वाढीव ‘उत्तरी’ वेतन. अनुदानावर उभी असलेली ही व्यवस्था सोव्हिएत संघासोबत कोसळली. १९८९च्या जनगणनेत चुकोत्का वगळूनही मगदान प्रांतात साडेतीन लाखांहून अधिक लोक होते. २०२१ मध्ये सुमारे १,३६,००० उरले. कादिकचान हे कोळसाखाणीचे गाव १९९६च्या स्फोटानंतर रिकामे होत गेले. सोने मात्र संपलेले नाही. दाल्स्त्रोयच्या काळात शोधलेल्या नाताल्का साठ्यावर २०१७ मध्ये मोठा आधुनिक प्रकल्प सुरू झाला. तेथील कामगार पाळीने येतात आणि पाळी संपली की परत जातात.